बगळ्यासाठी सोडलेली खार

एका जंगलात एक कोल्हा राहत असे आणि, मुलांनो, तो तिथल्या कॉलेजात बास्केटबॉल शिकवीत असे. त्याच्या संघात ससा, मुंगूस, माकड, रानमांजर आणि खार. उंचीच्या नावाने सगळी बोंब. म्हणून कोल्ह्याने त्यांना एकच खेळ शिकवला होता, पळण्याचा. चेंडू हाती आला की थांबायचे नाही, समोरचे आपापल्या जागी पोचण्याआधी टोपली गाठायची. खार सगळ्यांत लहान. तिने वर्षभरात एकही बास्केट केली नव्हती. पण कुणाचा नेम चुकून चेंडू खाली आला, की गर्दीत शिरून ती तो पकडी आणि सशाकडे फेकी. तिथून पळापळ सुरू होई. बघणारे टाळ्या वाजवत, त्या सशासाठी.

नदीपलीकडच्या कॉलेजात एक अस्वल शिकवीत असे. त्याच्या संघात हत्ती, गवा असे जाडजूड गडी होते आणि एक बगळा होता. हे सगळे रमतगमत चेंडू पुढे आणत आणि बगळ्याकडे देत. बगळा टोपलीखाली एका पायावर उभाच असे. तो मान लांब करून चेंडू अलगद आत सोडी. गेल्या वर्षीच्या अंतिम सामन्यात कोल्ह्याचा संघ एका बास्केटने हरला आणि मानाची ढाल नदीपलीकडे गेली. ढाल टांगायला कोल्ह्याने सामन्याआधीच भिंतीत खिळा ठोकून ठेवला होता. आता तो रिकामा खिळा दिसला, की त्याच्या पोटात दुखू लागे.

"अस्वलाला मिळतो बगळा आणि माझ्या नशिबी खार," तो सशाला म्हणाला.

"सर, एका बास्केटनेच तर हरलो. आपला खेळ चांगला बसलाय," ससा म्हणाला. पण पोटात दुखायला लागले की कानांना ऐकू येत नाही. कोल्हा तडक नदीपलीकडे गेला आणि गोड आवाजात म्हणाला, "बगळेराव, आमच्या कॉलेजचं तळं तुम्ही पाहिलं नाहीत वाटतं. त्यातले मासे तुमचेच समजा." बगळा त्याच दिवशी उडून आला.

मैदानात खेळणार पाचच जण. तेव्हा कोल्ह्याने खारीला बोलावून सांगितले, "तू आता येऊ नकोस. तुझ्या उंचीचं काही करता येत नाही."

खारीला फार वाईट वाटले. तिने एवढेच विचारले, "सर, चेंडू खाली पडला तर उचलेल कोण?"

"बगळा असताना चेंडू खाली पडेलच कसा?" कोल्हा म्हणाला.

पुन्हा अंतिम सामना आला. शिट्टी वाजली. ससा चेंडू घेऊन सवयीप्रमाणे सुसाट सुटला, टोपलीपाशी पोचला आणि मागे पाहतो तर बगळा अजून पलीकडच्या टोकाला दुसरा पाय खाली ठेवत होता. "थांबा, बगळेरावांना येऊ द्या," कोल्हा बाहेरून ओरडला. मग पळणारा संघ उभा राहिला. बगळा येईपर्यंत हत्ती आणि गवाही आले आणि टोपलीखाली भिंतीसारखे उभे ठाकले. बगळ्याचा नेम चुकू लागला. चेंडू खाली पडला, की ससा मुंगसाकडे बघे आणि मुंगूस माकडाकडे.

अस्वलाच्या संघात मात्र खार होती. बगळा गेल्यावर अस्वल दुसरा बगळा शोधत बसले नव्हते. नदी ओलांडून आलेल्या खारीला त्याने विचारले, "तुला काय येतं?" तिने सांगितले. तेव्हा ते हत्तीला म्हणाले, "तुझा नेम काही सुधारत नाही. तू टाकत राहा, ही परत देत राहील." तसेच झाले. हत्ती चेंडू टाकी, तो चुके, त्याच्या पायांमधून खार निघे आणि चेंडू पुन्हा सोंडेत ठेवी. चेंडू टोपलीत पडेपर्यंत तो टाकतच राही.

ढाल पुन्हा नदीपलीकडे निघाली. कोल्हा जळत्या डोळ्यांनी अस्वलाच्या संघाकडे पाहत होता. हत्तीच्या पाठीवर खार बसली होती आणि सगळे तिच्या नावाने ओरडत होते.

"या अस्वलाचं नशीबच मोठं," कोल्हा म्हणाला. "अशी एक खार आपल्याकडे असती, तर आज ढाल आपली असती."

ससा अजून धापा टाकत होता.

"होती, सर," तो म्हणाला.

तात्पर्य : शेजाऱ्याच्या ताटाकडे बघत जेवणाऱ्याला आपल्या पानात काय वाढले आहे ते कळत नाही. संघ आपल्या खेळाला शोभेल असा बांधावा, दुसऱ्याच्या संघावर जळून बांधू नये.