साडेसात मात्रांची शांतता

"मग पाहायचं की ऐकायचं, बुवा? आज एकदाचं सांगूनच टाका."

हेरंब दांडेकरने हे विचारलं तेव्हा सीतारामबुवा नांद्रेकर तंबोऱ्याच्या तारेखाली दोरा सरकवत होते. सुताचा एवढासा तुकडा. तो नेमक्या ठिकाणी बसला तरच तार बोलते, केसभर सरकला की सगळी मेहनत पाण्यात.

बुवांनी मान वर केली नाही.

"कशाबद्दल म्हणतोस?"

"हिच्याबद्दल."

ही म्हणजे शमा मुजावर. मिरजेहून येणारी, बुवांची सर्वांत धाकटी शिष्या. भिंतीला टेकून बसली होती आणि मोबाइल मांडीवर पालथा घातला होता.

"दिवसभर मोबाइलवर मैफली बघते," हेरंब म्हणाला. "कोण कसा बसतो, कोणाचा हात कुठून कुठे जातो. गाणं कानांनी शिकायचं असतं, बुवा. डोळे उघडले की कान झोपतात."

"गवई हातानंपण गातो, दादा," शमा म्हणाली.

"हं," बुवा म्हणाले.

बुवांचं 'हं' हे एक वेगळंच प्रकरण होतं. त्यात होकार शोधायला जावं तर नकार सापडायचा, आणि नकार धरून बसावं तर बुवा चहा मागवायचे. चौदा वर्षं शिकूनही हेरंबला त्याचा थांग लागला नव्हता.

खरा प्रश्न वेगळाच होता, आणि तो तिघांनाही ठाऊक होता. रविवारी दुपारी हरिपूरच्या देवळात बैठक होती. बुवांनी ऐंशी ओलांडली होती. यंदा ते स्वतः गाणार नव्हते, शिष्यांपैकी एकाला बसवणार होते. एकालाच. हेरंबने ह्या एका दिवसासाठी नोकरीतली बढती नाकारली होती, कारण बढतीबरोबर नागपूरची बदली येत होती. आज आपलं नाव वदवून घेतल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरवूनच तो आला होता.

"तू घरी कसा ऐकतोस?" बुवांनी विचारलं.

हेरंब खुलला. हा त्याचा आवडता विषय.

"माडीवरची खोली आहे ना, ती फक्त त्यासाठी. दोन स्पीकर, सागवानी पेटीतले. मध्ये माझी खुर्ची. खुर्चीचे चार पाय कुठे यायचे, त्या खुणा मी फरशीवर केल्यात."

"बायको?"

"खाली असते."

"तिला ऐकायचं असलं तर?"

"...खुर्ची एकच आहे, बुवा."

शमाने ओढणी तोंडाला लावली.

"आणि डोळे?"

"मिटलेले. गाणं संपेपर्यंत उघडत नाही."

"मिटल्यावर काय दिसतं?"

"तुम्ही दिसता."

"कसा?"

"ताठ. हात मांडीवर. दगडाच्या देवासारखे."

बुवा पहिल्यांदाच हसले. त्यांनी तार छेडली, कान लावला, दोरा पुन्हा काढला.

"हरिपूरची ती जागा गा," ते म्हणाले. "आधी शमा."

ती जागा म्हणजे कोणती, हे बुवांच्या शिष्यांना सांगावं लागत नसे. सव्वीस वर्षांपूर्वी त्याच देवळात बुवांनी मुलतानी राग गायला होता. कुणा रसिकाने दोन मायक्रोफोन ठेवून तो टेप केला, आणि सांगली-मिरजेत त्याच्या नकला घरोघर गेल्या. त्यात एका आवर्तनात बुवा वरच्या षड्जाला हात लावतात आणि गप्प होतात. ठेका चालू. तंबोरे चालू. बुवा गप्प. साडेसात मात्रा काही नाही. मग समेवर अलगद येतात, जणू कुठे गेलेच नव्हते. जाणकार माणसं तेवढ्या शांततेसाठी ती टेप पुन्हा पुन्हा लावत.

त्याच बैठकीचं कुणी लग्नाचं शूटिंग करणाऱ्याने चित्रणही केलं होतं. ते एवढी वर्षं कुठल्या कपाटात पडलं होतं कोण जाणे, पण गेल्या दिवाळीत ते मोबाइलवर फिरू लागलं. शमाने ते चाळीसेक वेळा पाहिलं. हेरंबने एकदाही नाही. बघणारही नाही, असं त्याने चारचौघांत जाहीर केलं होतं.

शमा गायली. वरच्या षड्जापाशी आली, थांबली, दोन्ही हात जवळ आणून कमरेतून पुढे वाकली. सावकाश ताठ झाली आणि समेवर आली.

हेरंबला हसू आवरेना.

"का गं वाकतेस?" बुवांनी विचारलं.

"तुम्ही वाकता, बुवा."

"मी का वाकलो?"

"...पोटातला श्वास पुरवून वापरायला. मी करून बघितलं, खरंच पुरतो."

"हं. आता तू, हेरंब."

हेरंबने डोळे मिटले. वरचा षड्ज लावला आणि सोडला. साडेसात मात्रा तो हलला नाही, पापणीसुद्धा नाही. समेवर आला तो अगदी बुवांसारखा आला. शमानेही नकळत मान डोलावली, कारण खोटं कशाला बोला, पोरगा गायला सुंदर.

"तू का थांबतोस?"

"तुम्ही थांबता."

"मी का थांबलो?"

ह्याची तयारी हेरंबकडे होती. एका संगीतविषयक दिवाळी अंकात त्याने ह्या साडेसात मात्रांवर अकरा पानी लेख लिहिला होता. "न गायलेला स्वर गायलेल्या स्वरापेक्षा मोठा असतो, हे तुम्हांला दाखवायचं होतं. वरचा षड्ज श्रोत्याच्या मनात पूर्ण व्हावा म्हणून..."

"तुझा लेख वाचला मी," बुवा म्हणाले.

"आवडला?"

"अक्षर मोठं होतं. वाचायला बरं पडलं."

हेरंबचा चेहरा उतरला, पण तो मागे हटला नाही. "बुवा, मी त्या टेपमधला एकेक आवाज ओळखतो. तिसऱ्या मिनिटाला कुणाची तरी बांगडी वाजते. नवव्याला खोकला. आणि ह्याच जागी कापड सळसळतं. डाव्या स्पीकरमध्ये. साध्या यंत्रावर ते ऐकूही येत नाही."

"कसलं कापड?"

"कुणीतरी शाल सावरली असेल."

बुवांनी दोरा बोटाला गुंडाळला.

"शमा, ती फिल्म लाव. ह्याच्या पुढ्यात ठेव. आवाज बंद कर."

"मी बघत नाही, बुवा."

"माहीत आहे."

"चार वर्षं मी ती जागा फक्त कानांनी..."

"बघ."

हा शब्द बुवांनी मोठ्याने उच्चारला नाही. तरी हेरंबने मोबाइल हातात घेतला.

पडद्यावर देवळाचा सभामंडप. बुवांची मिशी काळी. अंगावर शाल. तोंड हलतंय, आवाज नाही. हात वर चालला, षड्जाकडे... आणि मध्येच राहिला.

बुवांची नजर उजवीकडे गेली होती. कॅमेऱ्याच्या पलीकडे, दाराच्या बाजूला.

हात खाली आला. दोन्ही हात जुळले. बुवा कमरेतून वाकले, पार कपाळ बैठकीला टेकेपर्यंत, आणि खांद्यावरची शाल डावीकडे घसरून पडली. मग ते उठले. कुणाकडे तरी पाहत राहिले. कुणीतरी बसेपर्यंत माणूस पाहतो तसे. मान किंचित हलवली आणि गाऊ लागले.

हेरंबने ते पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं.

त्याचे कान तापले. बुवांकडची रीत त्याला पहिल्या वर्षापासून पाठ होती. गाणं चालू असताना वडीलधारा गवई आत आला, तर ठेका चालू ठेवायचा, आपण थांबायचं, वाकायचं, त्याला बसू द्यायचं आणि मग समेवर यायचं. गेल्याच वर्षी एका घरगुती बैठकीत बुवा उशिरा आले, तेव्हा तो स्वतः असाच थांबला होता, असाच वाकला होता. कुणी त्याला सौंदर्य म्हटलं नाही, कुणी त्यावर लेख लिहिला नाही.

चार वर्षं तो एक नमस्कार मात्रा मोजून मोजून गात होता. लाज वाटली. स्वतःचा रागही आला. अकरा पानं! छापून आलेली!

"अगंबाई," शमा हळूच म्हणाली. तिचाही चेहरा पडला होता. "चाळीसदा बघितलं मी. मला वाटलं, गायचीच तऱ्हा आहे..."

"वाकणं दिसलं की तुला," बुवा म्हणाले.

"दिसलं. पण कुणापुढं वाकताय, ते कुठं..."

ती थांबली. मोबाइलच्या कडेला पडदा संपत होता. दार त्यात नव्हतंच.

हेरंबने मोबाइल खाली ठेवला.

"कोण आलं होतं, बुवा?"

बुवांचा उजवा हात आपसूक कानाच्या पाळीकडे गेला. गुरूचं नाव घेताना गवयाचा जातो तसा. पण नाव काही त्यांनी घेतलं नाही.

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला लावली आणि निघून गेलं. शमाने मोबाइल पिशवीत टाकला.

बुवांनी कान सोडला आणि दोरा तारेखाली ढकलला. ह्या वेळी तार बोलली.

हेरंबला उठून जावंसं वाटत होतं. माडीवर, दोन स्पीकरांच्या मधल्या त्या खुर्चीत, डोळे मिटून. पण तो उठला नाही. नागपूरची बढती सोडलेला माणूस होता तो, असा हात हलवत परत जाणार नव्हता. त्याने मांडी नीट घातली.

"बुवा, ती जागा मला येत नाही."

चौदा वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदा आलं. शमाने चमकून त्याच्याकडे पाहिलं.

"हं," बुवा म्हणाले.

"येत नाही, तरी रविवारी मला गायचंय. शमा गायली तर मी मागे बसून साथ करीन, मनापासून करीन. पण मला गायचंय. तुम्ही काय ते सांगेपर्यंत मी इथून हलत नाही."

"मुलतानीच गाशील?"

"मुलतानीच."

"आणि ती जागा?"

"काढून टाकतो. सरळ समेवर येतो."

"काढू नकोस."

हेरंब घोटाळला. "...मग ठेवू?"

"ठेवूही नकोस."

"अहो बुवा, मग करू तरी काय?"

बुवांनी तंबोरा उचलला. त्यांना तो आता जड जात होता, म्हणून शमा पुढे झाली, पण त्यांनी तिला मानेनेच थांबवलं. स्वतःच्या हातांनी त्यांनी तो हेरंबच्या मांडीवर दिला.

"रविवारी तू गा," ते म्हणाले. "कोणी आलं, तर थांब."