देवाकडे पाठ

“...आणि देवाकडे पाठ करून आरती म्हणता, हेही खरं?”

“खरंय,” सोमगीर बुवा म्हणाले.

विक्रांतला वाटलं होतं, म्हातारा नाही म्हणेल. मग पुढचं बोलायला सोपं गेलं असतं.

डोंगराच्या खांद्यावर भैरोबाचं देऊळ होतं, आणि गाव खाली ओढ्याकाठी. देवळात चाळीस वर्षं हे एकटे गोसावी बुवा. संध्याकाळच्या आरतीला गावातून एकच माणूस चढून यायचा, विक्रांतचे वडील, दाजीबा डुबल. बुवा आरती म्हणायचे, दाजीबा झांज वाजवायचे. आठ महिन्यांपूर्वी दाजीबा गेले.

तेराव्याला विक्रांतने देवळाला विजेचा नगारा दिला. बटण दाबलं की नगारा, घंटा, झांजा, सगळं आपोआप वाजायचं. वर पितळी पाटी होती, ‘कै. दाजीबा डुबल यांच्या स्मरणार्थ’. नगारा देऊन तो बेंगळुरूला निघून गेला. आज परत आला, तर नगारा कोपऱ्यात होता. त्यावर घोंगडं टाकलेलं.

“आणि हा झाकून का ठेवलाय?”

“धूळ बसते.”

“वाजवलात तर नाही बसणार.”

बुवा हसले. “हे मात्र दाजीबासारखं बोललास.”

विक्रांत हसला नाही.

“हे बघा बुवा, माझा देवाबिवावर विश्वास नाही. तिकडे चारशे माणसं माझ्या हाताखाली आहेत. मी कुणाच्या भरवशावर बसत नाही. पण आबांचा होता विश्वास. त्यांची झांज बंद पडू नये, म्हणून दिला मी हा.”

“चांगलं केलंस.”

“मग वाजवत का नाही?”

बुवा मांडीवर कापूस घेऊन वात वळत होते. वळतच राहिले.

ऊन देवळाच्या पायऱ्यांवरून खाली उतरलं होतं. विक्रांतने जायला हवं होतं, खाली गाडी उभी होती. पण तो गेला नाही. नगाऱ्याचं विचारायला तो आलाच नव्हता. खरा प्रश्न अजून विचारायचाच होता.

“आबा माझ्याबद्दल काय बोलायचे?”

“का रे?”

“रागावले होते ते माझ्यावर.”

“कशावरून?”

“फोनवरून. मी विचारायचो, गुडघा कसा आहे? तर म्हणायचे, हो, जेवलो. मी सांगितलं, या दिवाळीलाही यायला जमणार नाही. तर म्हणाले, बरं बरं, छान झालं... टोमणाच की तो. दर वेळी असंच. किती दिवस ऐकून घ्यायचं माणसाने?”

“मग?”

“मग फोन कमी केले. इथल्या रेंजला व्हिडिओ कॉल कधी धड लागायचा नाही. म्हणून व्हॉइस मेसेज पाठवायला लागलो. त्यांना तर उत्तरच नाही. एकदाही नाही.”

आबा जाण्याआधीच्या दोन वर्षांत गावी येणं झालं नव्हतं, हे मात्र त्याने सांगितलं नाही.

“माझ्याशी बोलायचंच नव्हतं त्यांना... तुम्ही रोज भेटत होतात. एवढं एकच सांगा. हो की नाही. मग मी जातो.”

बुवांनी वात ताटलीत ठेवली. गुडघ्यावर हात देत उठले, कोपऱ्यात गेले. घोंगडं ओढून काढलं आणि बटण दाबलं.

देवळात एकदम कल्लोळ उठला. शिखरातले पारवे फडफडत बाहेर पडले. विक्रांतचे हात आपोआप कानांकडे गेले.

त्या कल्लोळात बुवा बोलू लागले. ओठ हलत होते, भुवया वर गेल्या होत्या. काहीतरी विचारत होते.

विक्रांतने मान हलवली. “हो.”

बुवांनी आणखी काही विचारलं. या वेळी बरंच लांब.

“हो, हो. बरं,” विक्रांत म्हणाला. थोडं हसलाही.

बुवांनी बटण बंद केलं. घंटा आणखी दोन टोल देऊन थांबली.

“काय विचारलं मी?”

विक्रांतने तोंड उघडलं. ते तसंच राहिलं.

बुवा वाट बघत उभे होते...

विक्रांत हळूच खांबाला टेकून खाली बसला. म्हणाला, “कधीपासून?”

“शेवटची दोन वर्षं. आधी डावा कान गेला. मग दुसराही.”

“फोन तर उचलायचे...”

“खिशात थरथरला की कळायचं.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“मी सांगणार होतो. नको म्हणाला. कळलं तर पोरगं फोन कशाला करेल, म्हणाला.”

विक्रांतने खिशातून फोन काढला.

“आणि मी पाठवलेले ते मेसेज?”

“इथं बसूनच लावायचा. तू बोलायला लागलास की त्यात बारक्या रेघा पुढे पुढे जातात ना, त्या बघत बसायचा. संपल्या की परत पहिल्यापासून. मी म्हटलं, दे इकडं, ऐकून तुला सांगतो काय म्हणतोय ते. तर म्हणाला, तुला नाही आलेलं.”

बाहेर पारवे एकेक करून परत येत होते.

बुवांची आरतीची चटई गाभाऱ्याकडे पाठ करून अंथरलेली होती, हे विक्रांतला आत्ता दिसलं. समोर हातभर अंतरावर एक रिकामा पाट होता.

“म्हणून तुम्ही इकडे तोंड करून...”

“त्याला ओठ दिसायला पाहिजेत. नाहीतर झांज भलतीकडेच जायची.”

“पण आता तर समोर कुणी नाही.”

“देवाला माझ्या पाठीची सवय झालीय,” बुवा म्हणाले. “आता कशाला मोडू?”

विक्रांतने दोन्ही हातांनी चेहरा चोळला.

“म्हणजे दोन वर्षं मी एक विचारत होतो आणि ते दुसरंच सांगत होते. माझा एक शब्द त्यांच्यापर्यंत पोचला नाही. मग आम्ही बोलत तरी काय होतो, बुवा?”

बुवांनी समईत तेल घातलं. वात भिजवली. काडी ओढली, ती विझली. दुसरी ओढली.

“मघाशी माझं बोलणं तुला ऐकू आलं?”

“नाही.”

“एक शब्द तरी?”

“नाही.”

“मग हो का म्हणालास?”

विक्रांतने बाहेर पाहिलं. खाली गावात एक दिवा लागला, मग बाजूचा. दाजीबांच्या घराची बाजू अंधारातच होती...

“तुम्ही विचारत होतात म्हणून,” तो म्हणाला.

बुवांनी बोटाने वात थोडी पुढे सारली.

“मग बरं चाललं होतं की तुमचं.”