मिरीचा तीळ आणि गळका सांधा

ऐका हं. मांडीवर नीट बसा. पाय हलवायचे नाहीत. बरं, थोडे हलवा.

ही मिरी. मिरी म्हणजे एक मुंगी. मिरीसारखी काळी आणि मिरीसारखीच तिखट!

मिरीला सापडला एक तीळ. पांढरा, खमंग भाजलेला. तीळ घेऊन मिरी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. कुठून? कुमुदआत्याच्या गॅरेजातून. गॅरेजात गाडी नव्हती. तिथे होतं आत्याचं मोठं टेबल. आत्या त्यावर लाकडाचे बैल करायची. चाकांचे बैल!

टेबलावर मिरीच्या वाटेत होतं एक भोक. तीळ घरंगळला. टुपुक! भोकात पडला. वरून पडला लाकडाचा भुसा. भुस्स!

मिरीला रडू आलं. एवढंस्संच. मग तिने मिशा पुसल्या. म्हणाली, "तीळ माझा आहे. मी घेणारच!"

"भुसोबा, भुसोबा, हला ना! माझा तीळ काही निघेना!"

भुसा म्हणाला, "फुंकणी फुंकेल, तर मी हलेन. नाहीतर इथेच लोळेन."

तुरुतुरु तुरुतुरु. मिरी गेली फुंकणीकडे. हवेची फुंकणी, खिळ्याला टांगलेली. लांब नाक, लाल खटका.

"फुंकणीताई, फुंकणीताई, फुंक ना!
भुसा हलेना,
माझा तीळ काही निघेना!"

फुंकणी म्हणाली, "नळी फुगेल, तर मी फुंकेन. नाहीतर नाक मुरडेन."

तुरुतुरु तुरुतुरु. मिरी गेली नळीकडे. नळी जिलबीसारखी. गोल गोल गोल.

"नळीबाई, नळीबाई, फुगा ना!
फुंकणी फुंकेना, भुसा हलेना,
माझा तीळ काही निघेना!"

नळी म्हणाली, "पाइप हवा सोडेल, तर मी फुगेन. नाहीतर झोप काढेन."

तुरुतुरु तुरुतुरु. मिरी गेली पाइपाकडे. पाइप भिंतीवर. लांऽऽबच लांब.

"पाइपदादा, पाइपदादा, हवा सोड ना!
नळी फुगेना, फुंकणी फुंकेना, भुसा हलेना,
माझा तीळ काही निघेना!"

पाइप म्हणाला, "टाकी भरेल, तर मी हवा सोडेन. नाहीतर गप्प बसेन."

तुरुतुरु तुरुतुरु. मिरी गेली टाकीकडे. हवेची टाकी, मोठ्या पोटाची. धडधड धडधड!

"टाकीमावशी, टाकीमावशी, भर ना!
पाइप हवा सोडेना, नळी फुगेना, फुंकणी फुंकेना, भुसा हलेना,
माझा तीळ काही निघेना!"

टाकी म्हणाली, "मी हवा भरते, ती पळून जाते! सांधा मिटेल, तर मी भरेन. नाहीतर नुसती धडधडेन."

तुरुतुरु तुरुतुरु. मिरी चढली वर. तिथे दोन पाइप जोडलेले. तोच सांधा. सूंऽऽ सूंऽऽ! मिरीच्या मिशा उडाल्या.

"सांधेबुवा, सांधेबुवा, मिटा ना!
टाकी भरेना, पाइप हवा सोडेना, नळी फुगेना, फुंकणी फुंकेना, भुसा हलेना,
माझा तीळ काही निघेना!"

सांधा म्हणाला, "काय करू? हवा अडवणारी माझी पांढरी पट्टी आत्याने उलटी गुंडाळली. आत्या चूक मानेल, तर मी मिटेन. नाहीतर सूं सूं करेन."

तुरुतुरु तुरुतुरु. मिरी गेली आत्याकडे. आत्याच्या हातात वाटी. वाटीत साबणाचा फेस. हवा जिथे गळते, तिथे फेसाचा फुगा येतो. गळती शोधायला आत्याने सगळ्या सांध्यांना फेस लावला होता. फक्त त्या एकाला नाही.

"आत्या, आत्या, मान ना!
सांधा मिटेना, टाकी भरेना, पाइप हवा सोडेना, नळी फुगेना, फुंकणी फुंकेना, भुसा हलेना,
माझा तीळ काही निघेना!"

आत्या म्हणाली, "तो सांधा? छे गं! तो मी स्वतः बसवलाय. माझ्या हातचा सांधा गळेल कसा? फेस चढेल, फुगा येईल, तर मी मानेन. नाहीतर मुळीच नाही मानणार."

"मग लाव ना फेस!"

"कशाला लावू? गळतच नाही!"

आता काय करावं या आत्याला!

तुरुतुरु तुरुतुरु. मिरी चढली वाटीवर.

"फेसराव, फेसराव, चढा ना!
आत्या मानेना, सांधा मिटेना, टाकी भरेना, पाइप हवा सोडेना, नळी फुगेना, फुंकणी फुंकेना, भुसा हलेना,
माझा तीळ काही निघेना!"

फेस म्हणाला, "कुणी उचलून नेईल, तर मी चढेन. नाहीतर इथेच विरेन."

मिरीने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. कुणी नाही.

"कुणी कशाला? मी आहे ना!"

मिरीने फेस घेतला डोक्यावर. चढली भिंत. पाय घसरला. सर्रर्र! पुन्हा चढली. तोंडात साबण गेला. थू थू! पुन्हा चढली. आणि फेस ठेवला सांध्यावर. थप्प!

सूंऽऽ! फुगा आला. तिळाएवढा. वाटाण्याएवढा. लिंबाएवढा.

फट्ट!

आत्या उठली. "अगं बाई! माझाच सांधा! माझीच पट्टी उलटी!"

आत्याने टाकी बंद केली. हवा सोडून दिली. फुस्स! सांधा उघडला. सांधा आवळताना ज्या बाजूला फिरतो, त्याच बाजूला नवी पट्टी गुंडाळली. मग सांधा आवळला. करकच्च! टाकी पुन्हा सुरू केली.

आणि मग काय!

फेस चढला, आत्या मानली.
आत्या मानली, सांधा मिटला.
सांधा मिटला, टाकी भरली. धडधड धडधड, खट्ट!
टाकी भरली, पाइपाने हवा सोडली.
पाइपाने हवा सोडली, नळी फुगली.
नळी फुगली... थांबा, थांबा! आत्याने चष्मा घातला. फुंकणी भोकावर धरली. मिरी खिळ्यामागे लपली. दाब गं आत्या खटका!
फुंकणी फुंकली. फूऽऽऽस!
भुसा हलला. सगळा आत्याच्या केसांत!
आणि तीळ निघाला. उडाला. पडला. टुपुक! मिरीच्या पुढ्यात.

आत्या खाली वाकली. अगदी मिरीपर्यंत वाकली.

"मिरी, तुझं बरोबर होतं. माझं चुकलं."

एवढी मोठी आत्या, आणि एवढ्याशा मिरीला असं म्हणाली!

मिरीने मिशा हलवल्या. तीळ उचलला. आणि ऐटीत निघाली घरी. तुरुतुरु तुरुतुरु.

हवा राहिली टाकीत, तीळ गेला पोटात, आणि गोष्ट बसली तुमच्या कानात!