रांजणाची हरवलेली खापरी

राजा भैरवसेनाचा लाडका रांजण फुटला, आणि तो फोडला खुद्द राजानेच. सोंगट्यांचा डाव हरला, उठला आणि समोर दिसलं त्याला लाथ घातली. समोर रांजण होता.

पण असं म्हणायचं कुणी? प्रधानजींनी जाहीर केलं, की रांजण मांजराने पाडला. मांजराला शिक्षा करून दरबाराची शोभा वाढत नाही, म्हणून बोलावणं गेलं रावजी कुंभाराला.

"मांजराच्या धक्क्याने फुटला, म्हणजे तू कच्चा भाजलास," प्रधानजी म्हणाले. "पौर्णिमेपर्यंत असा जोडून आण, की सांधा दिसता कामा नये. नाहीतर गाव सोड."

रावजी खापऱ्यांचं पोतं घेऊन घरी आला आणि डोक्याला हात लावून बसला. त्याची लेक येसू खापऱ्या जुळवू लागली.

"आबा, भाजलेली माती पुन्हा एकजीव होत नाही. सांधा दिसणारच."

"मग गाडीत सामान भरू?"

"थांबा, आधी चिकटवू तर."

तिने लाख आणि राळ वितळवली, त्यात विटेची पूड कालवली आणि रांजण उभा केला. पोटाशी नखाएवढं भोक तेवढं राहिलं. पोतं झटकलं, तरी ती खापरी मिळेना. रांजण फुटल्यापासून महाराज लंगडतात आणि वैद्यबुवा त्याला वात म्हणतात, हे गावभर झालं होतं. येसू गालात हसली.

पौर्णिमेला बापलेक रांजण घेऊन दरबारात गेले.

"सांधे तर लांबूनही दिसतायत," प्रधानजी म्हणाले.

"काम अजून पुरं कुठे झालंय?" येसू म्हणाली. "एक खापरी कमी आहे. ज्याने रांजण फोडला त्याच्या पायात रुतली असणार. ते लंगडं मांजर तेवढं आणवा."

शिपायांनी वाड्यातली सगळी मांजरं धरून आणली. एकजात तुरुतुरु चालत होती. "हे जरा लंगडतंय," म्हणत प्रधानजींनी एक उचललं. ते त्यांच्या पगडीवरून उडी मारून पसार झालं.

येसूने हात जोडले. "मग वाड्यात दुसरं कुणी लंगडत असेल, तर त्याला विचारावं का?"

सगळा दरबार छताकडे पाहू लागला. राजाच्या पायाकडे न पाहण्याची सगळ्यांची ती धडपड पाहून राजालाच कसंतरी झालं.

"वैद्यबुवा," तो म्हणाला, "द्या तो तुकडा."

वैद्यबुवांनी बटव्यातून खापरी काढली. येसूने ती भोकात बसवली. नेमकी बसली.

"डाव हरलो त्या रागात फोडला मीच," राजा म्हणाला. "पण हुकूम तो हुकूम. आता सांधे नाहीसे कर."

"ते मला जमायचं नाही, महाराज. आणि जमलं असतं तरी केलं नसतं. पुढच्या खेपेला डाव हराल, तेव्हा आधी हे सांधे दिसतील आणि पाय आपोआप मागे राहील."

राजा खो खो हसत सुटला, ठणकणारा अंगठा धरून हसला. मग दरबारालाही हसायची परवानगी मिळाली. गाव सोडायचा हुकूम तर रद्द झालाच, वर नदीकाठची चिकणमातीची पट्टी येसूच्या नावे झाली.