हद्दीवरचा खुंटा

नदीला अजून कोणी मोजलं नव्हतं, ते दिवस म्हाताऱ्या कासवीला आठवत होते. पुढे पाणी नेमकं कुठे बिघडतं ते समजावं म्हणून माणसांनी नदीचे भाग पाडले आणि प्रत्येक भागाच्या हद्दीवर लाकडी खुंटा ठोकला.

एकदा खालच्या भागातले मासे तडफडू लागले. कासवी पोहत वरच्या खुंट्याकडे गेली. "अरे, घाण तुझ्याकडून येतेय."

"हद्दीपलीकडे गेलं ते माझं नव्हे," खुंटा गुरकावला.

"इथे पूर्वी जांभळाचं झाड होतं," कासवी म्हणाली. "त्याची जांभळं वाहत खाली यायची, आमची तोंडं जांभळी व्हायची. झाड वरून विचारायचं, 'गोड लागली का गं?'"

"कुठे गेलं ते?" खुंट्याने हळूच विचारलं.

"त्याच्याच लाकडाचा आहेस तू, बाळा."