भुईचाफ्याची झोप

एका गावात एक सून होती आणि तिच्या हातांना स्वस्थ बसणं म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. कोंबडा आरवायच्या आत तिचं अंगण झाडून व्हायचं. तव्यावरची भाकरी फुगेपर्यंत दोन क्षण मिळाले, तर तेवढ्यात ती मूठभर तांदूळ निवडून घ्यायची. गावातल्या सासवा आपापल्या सुनांना तिचं उदाहरण द्यायच्या, त्यामुळे बाकीच्या सुनांचा तिच्यावर मनातून रागच होता. पण करतात काय! तिच्यासमोर जांभई द्यायचीही चोरी होती.

घर माळ्याचं. नवरा दिवस उगवल्यापासून मळ्यात असायचा आणि परसातली फुलझाडं सासूच्या ताब्यात. सासूला ती आत्याबाई म्हणायची. परसात झेंडू होता, शेवंती होती, मोगरा होता, पण त्या घराचा खरा मान होता भुईचाफ्याचा. चैत्र लागला, उन्हानं जमीन तापली की भुईचाफ्याचं फूल थेट मातीतून वर येतं. ना फांदी, ना पान. उघड्या जमिनीवर कोणीतरी पांढरं-जांभळं फूल आणून ठेवावं, तसं दिसतं. वास तर असा, की वाटेनं जाणारा थांबून मागे वळून बघतो.

चैत्रातल्या तृतीयेला, म्हणजे गौर बसते त्या दिवशी, गावदेवीला पहिलं फूल भुईचाफ्याचंच वाहायचं आणि ते याच घरातून जायचं, अशी गावाची रीत होती. आत्याबाईंच्या सासूच्या सासूपासून देवीची परडी एकदाही रिकामी गेली नव्हती.

सून लग्न होऊन आली ती ज्येष्ठात. तोवर फुलं सरून गेली होती. तिनं पाहिली ती पावसाळ्यातली पानं, वरून हिरवी आणि नक्षीची, खालून जांभळी. तिला ती फारच आवडली. तिनं वाफ्यातलं तण काढलं, शेणखत घातलं, एखाद्या पानावर चिखल उडाला तर तो पदरानं पुसलासुद्धा. आत्याबाई हसून म्हणायच्या, "पोरी, वेणीफणी तेवढी करायची राहिली बघ त्यांची!"

मार्गशीर्षात पानं पिवळी पडायला लागली तशी सून घाबरली. आत्याबाई मात्र निवांत होत्या. "पडू दे गं. पावसाळाभर खाऊन-पिऊन मातीखालचे गड्डे भरलेत. आता ते झोपणार," त्या म्हणाल्या.

पौषात आत्याबाईंना लेकीच्या गावाहून निरोप आला. लेकीचं दुसरं बाळंतपण होतं आणि तिच्या सासरी करणारं कोणी नव्हतं. आत्याबाईंनी गाठोडं बांधलं. निघताना त्यांनी सुनेला परसात नेलं. भुईचाफ्याची पानं एव्हाना वाळून गेली होती आणि वाफ्यात नुसती माती दिसत होती.

"बाकीच्या झाडांचं तुला हवं ते कर," आत्याबाई म्हणाल्या. "पण या वाफ्याला पाणी नाही, खत नाही, खुरपं नाही. चैत्राच्या तोंडावर मी येतेच."

"मग याचं करायचं काय, आत्याबाई?"

"काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे, थोडं तरी?"

"थोडंसुद्धा नाही," असं म्हणून आत्याबाई बैलगाडीत बसल्या.

सुनेनं आठ दिवस सांगितल्याप्रमाणे केलं. म्हणजे काहीच केलं नाही. ते आठ दिवस तिला आठ महिन्यांसारखे गेले. झेंडूला पाणी घालायला जाताना ती तो कोरडा वाफा ओलांडायची आणि तिचे हात शिवशिवायचे.

नवव्या दिवशी कुंपणापलीकडून शेजारीण डोकावली. या बाईला दुसऱ्याच्या परसात काय चाललंय ते आपल्या चुलीवर काय करपतंय त्याच्या आधी कळायचं.

"काय गं सूनबाई," ती म्हणाली, "सासूची पाठ वळली नाही तोच वाफा उजाड? लोकांना वाटेल, ही पोरगी सासू बघते तेवढ्यापुरतीच राबते."

हे मात्र सुनेला फार लागलं. आयुष्यात तिला कोणी काहीही म्हटलं असेल, पण आळशी कोणी म्हटलं नव्हतं. त्या संध्याकाळी तिनं वाफ्यात एक तांब्या पाणी ओतलं. 'एवढ्यानं काय होतंय?' ती मनाशी म्हणाली. 'आपण नाही का झोपेतून उठून घोटभर पाणी पीत? त्यांनाही तहान लागतच असेल.'

दुसऱ्या दिवशी तांब्याची कळशी झाली. तिसऱ्या दिवशी तिला वाटलं, एवढं पाणी घालतोच आहोत, तर जागा तरी मोकळी का ठेवावी? तिनं वरवर माती हलवून मेथी फेकली. आता रोज पाणी घालायला चांगलं निमित्त मिळालं.

मेथी काय सुरेख आली! सगळा वाफा हिरवागार दिसायला लागला. सुनेनं घरोघरी जुड्या वाटल्या. शेजारीण तर दोन जुड्या घेऊन गेली आणि म्हणाली, "कामसू ती कामसूच हो!" सून खूश झाली. आत्याबाईंचे शब्द तिला आठवत नव्हते असं नाही. आठवायचे, पण मेथीची भाजी खाता खाता.

फाल्गुन लागला. एका सकाळी गावात कासारीण आली. ही बाई बांगड्या भरायला गावोगाव फिरायची आणि बांगड्यांबरोबर निरोपही पोचवायची.

"सूनबाई, पेढे काढा! तुमच्या नणंदेला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत," ती ओसरीवर टेकत म्हणाली. "आणि माळीणबाईंनी विचारलंय, भुईचाफ्याचा वाफा कोरडा आहे ना? ओला राहिला तर गड्डे कुजतात, असं सारखं म्हणत होत्या. दुपारी मी परत निघेन, तेव्हा सांगा काय कळवायचं ते."

कासारीण बांगड्यांची पेटी उचलून पुढच्या घरी गेली. सून तशीच उभी राहिली. मग ती धावत परसात गेली आणि तिनं हातानंच मेथी उपटून माती उकरली. आधी वास आला. फुलाचा नव्हे, सडक्या कांद्याचा वास. मग गड्डा हाताला लागला आणि बोटांतच लगदा झाला. दुसरा तसाच. तिसराही तसाच. सुनेनं सगळा वाफा उकरला. तीन पिढ्यांनी सांभाळलेलं एका मेथीपायी गेलं, हे तिला कळलं आणि ती मातीतच बसून हमसून हमसून रडली.

वाफ्याचं एक टोक जरा उंचावर होतं. तिथे पाणी फारसं चढलं नव्हतं. तिथे मात्र तिला पाच गड्डे सापडले. कडेनं थोडे नासलेले, पण आतून टणक. सवयीप्रमाणे ती ते धुवायला उठली आणि दोन पावलांवर थांबली. आता काही करायची तिला भीती वाटू लागली. तिनं ते पाचही गड्डे सुपात घालून सावलीत ठेवले.

शेजारीण कुंपणापाशी होतीच. "अगं, रडतेस काय अशी? सासूला सांग, घुशीनं खाल्ले. घूस काय साक्ष द्यायला येणार आहे?"

सुनेनं डोळे पुसले. खरं सांगायचं तर तिला ते पटलं. घूस म्हटलं की सगळंच मिटत होतं. नावही राहत होतं आणि बोलणीही टळत होती. दुपारभर ती मनात तेच वाक्य घोकत होती. घुशीनं खाल्ले, आत्याबाई. घुशीनं खाल्ले.

पण कासारीण दारात आली तेव्हा सुपातले पाच गड्डे सुनेच्या समोरच होते. आपण खोटं सांगितलं तर आत्याबाई घुशीचा उपाय सांगतील. या पाचांचं काय करायचं ते कोण सांगणार? उरलेले पाचही मग आपल्याच हातून जाणार.

"त्यांना सांगा," सून म्हणाली, "मी पाणी घातलं. मेथीही लावली. सगळे गड्डे कुजले, पाच उरलेत. चूक माझीच आहे. पण या पाचांचं काय करू तेवढं विचारून या."

कासारणीनं सुनेच्या हातातली एक पिचलेली बांगडी बदलली आणि ती निघून गेली.

आठ दिवसांनी ती परत आली. "ऐकून त्या दिवशी जेवल्या नाहीत माळीणबाई," तिनं सांगितलं. सुनेनं मान खाली घातली. "दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, नासका भाग कापून टाक म्हणावं. कापलेल्या जागी चुलीतली राख लाव. दोन दिवस सावलीत राहू दे आणि मग कोरड्या मातीत पूर. त्यानंतर काय करायचं ते तिला मी जाताना सांगितलंय."

सुनेनं अगदी तसंच केलं. आणि मग सुरू झालं ते काहीच न करणं.

लोकहो, डोंगर फोडणं सोपं! सुनेनं त्या दिवसांत घरातली सगळी भांडी दोनदा घासली. तीन गोधड्या शिवल्या. नवऱ्याचा एकही सदरा ठिगळाशिवाय उरला नाही, फाटका नव्हता त्यालाही एक ठिगळ मिळालं. पण वाफ्याकडे ती फिरकली नाही.

चैत्र उजाडला. ऊन असं तापलं की वाफ्याला भेगा पडल्या. पलीकडून शेजारणीनं हाक मारली, "अगं, आता तरी पाणी घाल! तेव्हा बुडवलेस, आता भाजून मारणार काय?"

आणि हे बोलणं अगदीच खोटं वाटत नव्हतं. खरंच वाळून गेले असतील तर? सुनेनं तांब्या भरला. वाफ्यापाशी गेली. माती राखेसारखी कोरडी पडली होती. तांब्या कलला, पाणी काठापर्यंत आलं. मागच्या वेळीही आपल्याला असंच वाटलं होतं, की यांना तहान लागली असेल. तेव्हा तहान त्यांना नव्हतीच. काहीतरी करायची घाई आपल्याच हातांना झाली होती. सुनेनं तो तांब्या आपल्याच तोंडाला लावला आणि गटागटा सगळं पाणी पिऊन टाकलं.

तृतीयेच्या आदल्या संध्याकाळी आत्याबाईंची गाडी आली. हातपाय न धुताच त्या परसात गेल्या. वाफ्यात मातीशिवाय काही नव्हतं. सून त्यांच्या पाया पडली आणि तशीच वाकून राहिली.

"ऊठ," आत्याबाई म्हणाल्या. "रागवायचं आहे मला, पण आज गाडीत बसून अंग आंबलंय. उद्या रागवेन."

सकाळी सून अंगण झाडायच्याही आधी परसात गेली. वाफ्यातली एक भेग रुंद झाली होती आणि तिच्या तोंडाशी एक फूल उमललं होतं. पांढऱ्या पाकळ्या, मध्ये एक जांभळी. जरा बाजूला मातीतून आणखी एक टोक डोकावत होतं, पण ते उद्याचं. सुनेनं फुलाला हातही लावला नाही. तिनं फक्त मोठ्यानं हाक मारली, "आत्याबाई!"

आत्याबाई आल्या, खाली बसल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. रागवायचं त्या विसरल्या की विसरल्यासारखं केलं, कोण जाणे.

देवळात त्या दिवशी सगळं गाव जमलं होतं. दरवर्षी माळ्याच्या घरची परडी काठोकाठ भरून यायची. यंदा परडीच्या तळाशी एकच फूल होतं आणि परडी सुनेच्या हातात होती. तिला वाटत होतं, देवळाची फरशी दुभंगावी आणि तिनं आपल्याला पोटात घ्यावं. गुरवानं परडीत पाहिलं आणि विचारलं, "माळीणबाई, यंदा एवढंच?"

"एवढंच," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी सुनेच्या पाठीवर हात ठेवला. "पण माझ्या सुनेनं हे पाणी न घालता आणलंय."

बायका हसल्या. त्यांना वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. सुनेच्या डोळ्यांना मात्र धार लागली. तिनं झाडलेल्या अंगणाचं, शिवलेल्या गोधड्यांचं, वाटलेल्या मेथीचं कौतुक आजवर सगळ्या गावानं केलं होतं. पण तिला जन्मात सगळ्यात जड गेलेलं काम कोणतं, ते एकट्या आत्याबाईंनाच कळलं होतं. गुरवानं फूल उचलून देवीला वाहिलं आणि सगळा गाभारा घमघमला.

तात्पर्य: ज्याला जपायचं, त्याला काय हवं ते आधी पाहावं, आपल्या हातांना काय करावंसं वाटतं ते नंतर.