इंद्यालची नेवरी

एका गावात एका वांड पोरीने ऐन नाताळच्या तोंडावर पैज घेतली. घ्यायला नको होती. पण "तुझ्यात हिंमत नाही" एवढं कोणी म्हणलं, की त्या पोरीचं डोकं बंद पडायचं आणि हात चालू व्हायचे. तिचं नाव फिलू.

घरात तेव्हा नुसती धांदल. बाबा भिंतींना चुना देत होते. गव्हाणीसाठी आणलेला पेंढा अंगणभर उडत होता. नवी काकी, रेजिना, हिने इंद्यालचा, म्हणजे नाताळच्या झणझणीत कालवणाचा, मसाला वाटून वाटून पाटा लालभडक केला होता. ते झालं तशी हात धुऊन तीही ओटीवर येऊन बसली, कारण तिथे सगळं घर मांडी घालून नेवऱ्या करत होतं. नेवऱ्या म्हणजे खोबरं, साखर आणि वेलची भरलेल्या करंज्याच.

त्या घरच्या नेवरीचं गावात नाव होतं. आणि नेवरी कोणी केली ते मुरडीवरून कळायचं. आईची मुरड ठसठशीत. बाबांची अशी जाड, की तिने बैल बांधावा. आणि त्याच वर्षी लग्न होऊन आलेल्या रेजिना काकीची? बारीक वेणी घालावी तशी! आई येणाऱ्या-जाणाऱ्याला परात दाखवायची. "बघा, बघा, आमच्या धाकटीचा हात." काकी खाली मान घालून हसायची आणि पुढची नेवरी आणखी बारीक मुरडायची.

फिलूची मुरड मात्र उंदराने कुरतडल्यासारखी. खरं म्हणजे तिला कोणाचीही मुरड जमायची, आणि तसं ती सांगायचीही. फक्त आळस नडायचा.

"फेकू नकोस," आतेभाऊ बस्त्या तिच्या कानात म्हणाला. "काकीसारखी मुरड, आणि तू? तोंड बघ आरशात."

"काढली तर?"

"तर आत इंद्यालचा मसाला भर, आणि सोड काकीच्या परातीत. तुझ्या आईने पकडलं नाही, तर यंदा माडावर नाताळची चांदणी तू चढवायची."

आता चांदणी चढवणं म्हणजे काय खायचं काम नव्हे. अख्खं गाव माना वर करून बघायचं. हा मान दरवर्षी बस्त्याचा. फिलूने टाळी दिली, पाट्यावरचा मसाल्याचा गोळा खोबऱ्यात कालवला, नेवरी भरली आणि अशी मुरड काढली, की बस्त्याचं तोंड उघडंच राहिलं. आईने परात उचलली, नेवऱ्या तळल्या, डब्यात भरल्या. पकडलं कोणी? कोणीच नाही.

फिलू चांदणी घेऊन माडावर चढली. वरून तिला गाव मुठीएवढं दिसलं आणि आपली छाती गावाएवढी वाटली.

नंतर ती नेवरी गुपचूप काढून बस्त्यालाच चारायची, असा तिचा बेत होता. डबा उघडला आणि घाम फुटला. मुरड इतकी हुबेहूब जमली होती, की कोणती आपली ते तिलाच कळेना.

खाऊन बघायचीही सोय नव्हती, कारण फिलूच्या घरचा एक नेम होता. ज्या घरात वर्षभरात माणूस गेलं, तिथे नाताळला कढई चढत नाही. म्हणून पहिलं ताट त्या घरी जायचं. त्या घराचं तोंड गोड झाल्याशिवाय इथे कोणी नेवरीला तोंड लावायचं नाही.

यंदा पहिलं ताट म्हाताऱ्या पास्कूबाबाचं होतं. त्याची म्हातारी पावसाळ्यात गेली होती.

नाताळच्या सकाळी देवळात मिस्सा, म्हणजे सणाची प्रार्थना, झाली. आई डब्यातून निवडून निवडून काकीच्याच नेवऱ्या ताटात लावायला लागली.

"आई, तुझ्या लाव ना त्यात," फिलू म्हणाली.

"का गं? पहिल्या ताटात चांगलं तेच द्यायचं."

फिलूच्या जिभेवर खरं आलं होतं. तिने ते गिळलं.

सगळे पास्कूबाबाकडे गेले. नेमाप्रमाणे ताट घरातल्या नव्या माणसाच्या, म्हणजे काकीच्या हातात. म्हाताऱ्याने वरची नेवरी उचलली आणि मोठा घास घेतला.

"छान झालीय," तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

सगळ्यांना वाटलं, म्हातारीची आठवण. काकीनेही डोळे टिपले. मग म्हाताऱ्याचे कान लाल झाले. मग उचकी लागली. तरी गडी हात जोडून म्हणतोय, "छान झालीय."

आईने त्याच्या हातातली अर्धी नेवरी घेऊन जिभेला लावली. मग मुरड बघितली. मग काकीकडे बघितलं. शेवटी ताटावर पदर ओढला, आणि काकीला ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

"माझ्याच हातून झालं असणार, ताई," काकी कशीबशी म्हणाली. "मसाला वाटून उठले होते, हात नीट धुतले नसतील. घरचं नाव घालवलं मी. पुढच्या वर्षापासून नेवरीला हात नाही लावणार."

बस्त्याने फिलूला चिमटा काढला. "गप्प बस. वाचलीस."

"मी केलंय ते," फिलू म्हणाली.

"गप गं!" बाबा ओरडले. "ही काय मस्करीची वेळ आहे?"

"मला वाचवायला बोलतंय लेकरू," काकीने तिला जवळ घेतलं. "अशी मुरड हिला कुठली जमायला?"

"गुणाची पोर," पास्कूबाबा उचकीतून म्हणाला.

फिलूला जन्मात कोणी गुणाची म्हणलं नव्हतं. आता म्हणलं, तेही नेमकं खोटं! आई कौतुकाने बघत होती. इथेच गप्प बसली असती तर वर्षभर मिरवता आलं असतं. पण काकी एका हाताने तिला धरून दुसऱ्या हाताची बोटं पदराला पुन्हा पुन्हा पुसत होती, आणि ते फिलूला दिसत होतं.

ती सुटली आणि म्हाताऱ्याच्या चुलीपाशी गेली. चपात्यांसाठी कणीक मळून ठेवली होती. तिने गोळे तोडून थापले आणि सगळ्यांसमोर मुरडायला लागली. आईची ठसठशीत. बाबांची जाड. आणि शेवटी काकीची, वेणीसारखी.

आईने ती कणकेची नेवरी तळहातावर घेतली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "काय हात आहे गं पोरीचा!" मग काय ते ध्यानात आलं आणि तिचा चेहरा बदलला. "म्हणजे..."

बस्त्या दाराकडे सरकला. फिलूने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती ताठ उभी राहिली.

"मसाला मी भरला. मुरड मी काढली. काकीच्या परातीत मीच टाकली. काकीचे हात स्वच्छ होते. पास्कूबाबा, नवं ताट मी एकटी करून आणते. तुम्ही खाल्ल्याशिवाय आमच्या घरात कोणी खाणार नाही. ही खोडी माझी आहे."

तात्पर्य: दुसऱ्याच्या हातची कला उचलता येते, पण आपली खोडी दुसऱ्याच्या पदरात टाकून ताठ उभं राहता येत नाही.